पुढचं एकोणतीस, मागचं साडेसत्तावीस

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा, जास्वंदीच्या आडोशाला. तिथं उभ्या राहिलात तर त्यांच्या गॅलरीतून सगळं दिसतं. तर समोरच्यांच्या धाकट्याची सायकल झाली बरं का एकदाची उभी! दोन महिने पार्किंगमध्ये पसारा होता तीच ती. आणि चाकं दोन मापांची. पुढचं एकोणतीस इंची, मागचं साडेसत्तावीस.

मी आपलं सहज विचारलं, “अरे, दुकानदारानं फसवलं की काय तुला?” तर असा हसला माझ्याकडे बघून... म्हणे, “काकू, याला मलेट म्हणतात.” त्याचे बाबा पेपर वाचत होते. ते मान वर न करता म्हणाले, “मलेट म्हणजे बोय. तिखलं झकास होतं.” मालवणचे ना ते! धाकटा चिडला. मासा नव्हे हो, ती केसांची स्टाइल, पुढून कापलेले आणि मागे मानेवर रुळणारे. मग मी म्हटलं, तुझ्या सायकलीचं तर पुढचं मोठं आणि मागचं छोटं, म्हणजे उलटंच की! यावर गप्प. मला सांगा, चुकलं का माझं?

आता हे खूळ आलं कुठून, तर त्याच्या उंचीतून. तो विषय त्याच्या आईसमोर काढू नका हं. पाच फूट चार, माहेरकडची उंची. आधी याच सायकलीला दोन्ही चाकं एकोणतीस होती. खड्या उतारावर सीटच्या मागे बूड न्यावं लागतं, नाहीतर माणूस हँडलवरून पुढे. पण मागे जायचं तर तिथं ते एवढं मोठं चाक! वहिनी मला म्हणत होत्या, “नव्या कोऱ्या चड्ड्या बुडाशीच कशा विरतात हो? उंदीर लागला की काय?” दोन चड्ड्यांना ठिगळं लावली बिचारीनं. उंदीर कसला, टायर घासत होता! कळलं तेव्हा त्यांचा चेहरा... मला हसू दाबता येईना.

तर काय सांगत होते, हां, मागच्या छोट्या चाकाचे पैसे बाबांकडून कसे निघाले ते. 2019 साली यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, माउंटन बाइकच्या शर्यतींत दोन मापांची चाकं चालतील असं ठरवलं. त्याच वर्षी लोईक ब्रुनी नावाचा फ्रेंच सायकलपटू कॅनडात असल्याच जोडीवर डाउनहिलचा विश्वविजेता झाला. मला हे पाठ आहे, कारण धाकट्यानं महिनाभर रोज जेवताना बाबांना तेच ऐकवलं. पुढचं मोठं चाक दगडावरून सहज जातं, मागचं छोटं वळणावर चटकन फिरतं, असं सगळं. शेवटी बाबांनी पैसे दिले, पण वरणभात गार झाल्यावर.

आणि आजोबा! त्यांनी जिन्याखालून स्वतःची काळी सायकल ओढून काढली, अठ्ठावीस इंची, दूधवाल्यांकडे असायची तसली. टायर उतरवला, रिमवर टायर बसतो तिथं मोजपट्टी लावली. 635 मिलीमीटर. मग नातवाच्या एकोणतीस इंचीला लावली तर 622! “एकोणतीस म्हणवतोस आणि माझ्या अठ्ठाविसाहून धाकटं?” पोराचं तोंड एवढंसं झालं. म्हणे, टायर जाड असतो, त्याच्यासकट एकोणतीस भरतं. तुमचा टायर दीड इंची, माझा जवळजवळ अडीच. ते खरंच आहे, पण आजोबा ऐकतात होय! दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला आकडे सांगत होते. मागच्या साडेसत्ताविसाचं 584 भरलं, ते तर त्यांनी मोजण्यातच धरलं नाही.

ते मागचं चाक येतानाही तमाशा झाला. दुकानदारानं दिलं 142 मिलीमीटरच्या हबचं, आणि फ्रेमला हवं 148. दुकानाचं नाव नाही घेत मी, आपल्याला काय करायचंय. पण तो म्हणाला म्हणे, “सहा मिलीमीटरनं काय होतंय, जरा दाबून बसवा.” दाबून! धाकट्याचे डोळे पाण्यानं भरले होते, मी पाहिलं. बदलून आणलं शेवटी. मग एक दिवस वहिनी ओरडत बाहेर आल्या, पोरगं टायरमध्ये दूध ओततंय म्हणून. अहो, ट्यूब नसते आताशा, ते पांढरं लेटेक्स असतं, भोक पडलं की आपोआप बुजवतं. पण मापाला घेतली होती आमटीची वाटी, तीही चांदीची...

ट्रायलला नेली वेताळ टेकडीवर. आमचे हे रोज तिथं फिरायला जातात, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव नाही. पहिल्याच दगडावर टण्ण! पायडल आपटलं. पुढे गेला, परत टण्ण. झालं काय, फ्रेम दोन्हीकडे एकोणतीस धरून बनवलेली. मागे छोटं चाक घातलं की मागचा एक्सल 19 मिलीमीटरनं खाली येतो. पलंगाच्या पायथ्याच्या विटा काढाव्यात ना, तसं. पुढचा चिमटा एखाद अंशानं मागे कलतो, ते उतारावर बरंच, पण पायडलंही बाराएक मिलीमीटर जमिनीकडे जातात. ह्यांनी तिथंच सुनावलं, “तरी मी म्हणत होतो.” कधी म्हणत होते, देव जाणे.

पण पोरगं चिवट हो. मागच्या शॉकपाशी एक छोटा धातूचा तुकडा असतो, उलटा फिरवून बसवला की फ्रेम थोडी उचलते. तो फिरवला. क्रँक 175 चे काढून 165 चे घातले, तिथं आणखी दहा मिलीमीटर मिळाले. परवा परत गेला. खाणीच्या बाजूचा तो मुरमाचा उतार आहे ना, जिथं आपण हात धरून उतरतो, तिथून बूड पार मागे नेऊन सुळ्ळकन खाली. आवाज नाही, काही नाही. चड्डी शाबूत. वहिनींनी घरी आल्यावर आधी तीच उलटून पाहिली!

काढून ठेवलेलं मागचं एकोणतीस इंची चाक गॅरेजमध्ये टांगलंय अजून. कुणी विचारत नाही म्हणून मी निर्धास्त होते... आणि आज सकाळी बघते तर काय, आमची माळ्यावरची सायकल अंगणात! हे चहा न घेताच तिकडे गेलेत. जाताना माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप खिशात.