श्रीमती तत्त्वतः मान्यता यांस

श्रीमती तत्त्वतः मान्यता,
मु. पो. मंत्रालय, मुंबई ३२


आमच्या तालुक्याला वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय देण्यास आपण होकार दिलात. फटाके वाजले, पेढे वाटले गेले, आमदारांच्या फोटोचे फलक उन्हाने पांढरे पडले. न्यायालय तेवढे आले नाही. तक्रार नाही. मोठ्या दाव्यासाठी आम्ही अजून जिल्ह्याच्या गावी जातो. तिथे दुपारी पुकारा होतो, साहेबांकडे दुसऱ्या कोर्टाचाही चार्ज असतो, पुढची तारीख पडते आणि अशील-साक्षीदार शेवटच्या गाडीने परततात. एस.टी.चे उत्पन्न वाढवल्याचे श्रेयही आपलेच.

आपला वावर जुना आहे. देशात दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास करा, असे विधी आयोगाने १२०व्या अहवालात १९८७ सालीच सांगितले. (अर्धा न्यायाधीश म्हणजे काय, हे आम्हाला दोन कोर्टांचा चार्ज पाहून कळले.) पाच वर्षांत पन्नास गाठा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बजावले. आज मंजूर पदे धरूनही देश एकविसाच्या आसपास आहे, आणि त्यातलीही काही हजार रिकामी. तुंबलेले खटले मात्र जिल्हा व तालुका न्यायालयांत साडेचार कोटींच्या पुढे गेले. त्यांना वित्त विभागाची सहमती लागत नाही ना.

ग्राम न्यायालयांचा कायदा २००८चा, अंमल २००९च्या गांधी जयंतीपासून. देशभर पाच हजारांवर उभी राहतील असा अंदाज होता; चालतात तीनशेच्या घरात. मुहूर्त तेवढा छान साधलात. अकराव्या वित्त आयोगाने १,७३४ जलदगती न्यायालयांची सोय केली, केंद्राने २०११ मध्ये निधी थांबवला. जलद गेला तो निधीच.

आपली कार्यपद्धती मात्र अभ्यासण्यासारखी. प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे, तिथून पदांवर शंका काढायला वित्त विभागाकडे. शंका फिटेपर्यंत बांधकामाचे अंदाजपत्रक शिळे होते. इमारत उभी राहिलीच तर लघुलेखक नसतो. तेही जमले नाही की आपण 'पुनर्रचना' करता: जुन्या कोर्टाची हद्द कापायची, निम्मी गावे नव्याला जोडायची, न्यायाधीश तोच, फक्त वार वेगळे. एका ढिगाचे दोन केले की प्रत्येक ढीग बुटका दिसतो, हे गणित बिनतोड. त्यात वाटणीच्या दाव्यातली सून सासू झाली, तरी सरतपासणी व्हायचीच आहे.

एकच विनंती. पुढच्या वेळी एकट्या येऊ नका. न्यायाधीश, शिरस्तेदार, नाझर, लघुलेखक आणि बेलिफ यांच्या नेमणुकीचे आदेश आणि पगाराची तरतूद सोबत आणा. 'तत्त्वतः' मंत्रालयातच ठेवून आलात तरी चालेल.

कळावे,
एक पक्षकार