टेकडीवरचं बिऱ्हाड

कलावंतांच्या वस्तीत सहकुटुंब जाऊ नये, असा आपल्याकडच्या रसिकांचा पक्का समज आहे. पॅरिसच्या मोंमार्त्रला जायचं तर एकट्यानं, गळ्यात मफलर गुंडाळून, खिशात पैसे नसल्याचा चेहरा करून. सोबत सासूबाई, दोन मुलं आणि मेतकुटाची बाटली असेल, तर माणसानं आयफेल टॉवर बघून गुमान स्वित्झर्लंडची बस धरावी. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. त्या टेकडीवर चार दिवस राहण्याचा वारसाहक्क कुणाला असेलच, तर तो भाड्याच्या दोन खोल्यांत कुकर लावून बसलेल्या मराठी कुटुंबाला आहे.

मुळात कलावंत तिथे गेले ते काही देखावा बघायला नव्हे. 1860 पर्यंत मोंमार्त्र हे पॅरिसच्या हद्दीबाहेरचं गाव होतं. शहराच्या वेशीवर वाइनला बसणारी जकात तिथे बसत नसे. पुढे गाव शहरात आलं, तरी चढावरच्या घरांची भाडी खालच्यापेक्षा कमीच राहिली. म्हणजे प्रतिभेनं जागा शोधताना लावलेले निकष आपल्या बाबांच्या निकषांहून फारसे वेगळे नव्हते: भाडं कमी हवं, चढ असला तरी चालेल, तेवढाच व्यायाम. 1904 मध्ये पिकासो इथल्या ‘बातो-लाव्हार’ नावाच्या लाकडी खुराड्यात राहायला आला. तिथे गॅस नाही, वीज नाही आणि सगळ्या बिऱ्हाडांत मिळून नळ एक. आधुनिक चित्रकलेला हादरा देणारं ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ हे 1907 चं चित्र याच नळाच्या पाण्यावर पोसलेलं. त्याच्याही आधी, टेकडीखालच्या शहरात, तो आणि कवी माक्स जाकोब एका खोलीत एकाच पलंगावर पाळीपाळीनं झोपत. जाकोब दिवसा नोकरीवर, पिकासो रात्रभर चित्रांवर. गिरणगावात पाळ्या लावून झोपायची जागा वाटून घेणाऱ्या कामगारांना यात काडीचंही नवल वाटलं नसतं. आज सोफा-कम-बेडवर कुणी झोपायचं आणि बाथरूमजवळची बाजू आजीला कशी द्यायची, याचा रात्री बारापर्यंत खल करणारं कुटुंब ही परंपरा जितकी निष्ठेनं चालवतं, तितकी बुटीक हॉटेलात उतरलेला समीक्षक कुठली चालवायला!

आणि कुटुंब म्हणजे कलेतला अडसर, हे तरी कुणी ठरवलं? व्हॅन गॉग 1886 ते 1888 या काळात रू लपिकवरच्या घरात राहिला तो धाकट्या भावाच्या, थिओच्या पगारावर. भावासोबत घरी राहणं जवळजवळ असह्य झालंय, असं थिओनं बहिणीला पत्रातून कळवलंही होतं. रू कोर्तोवरच्या बारा नंबरचं बिऱ्हाड तर आपल्या मालिकावाल्यांना वर्षभर पुरेल. सुझान व्हालादों ही कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी. आधी सर्कशीत, मग रन्वारसारख्यांची मॉडेल, आणि ते रंगवत असताना बघून बघून स्वतःच चित्रकार झालेली. मुलगा मोरिस उत्रिलो दारूत बुडालेला. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून आईनं त्याला ब्रश दिला, आणि गल्ल्यांची चित्रं काढून तो मोंमार्त्रचा सर्वांत प्रसिद्ध चित्रकार झाला. गल्लीत उभं राहायचा कंटाळा आला की तो पोस्टकार्डं समोर ठेवून रंगवी. तिसरे आंद्रे उत्तेर, म्हणजे मुलाचा मित्र आणि आईचा नवरा. या घरात ज्या आरोळ्या उठल्या असतील, त्यापुढे आपल्या मंडळींचं ‘पासपोर्ट कुणाकडे आहेत?’ म्हणजे भूपाळीच. आता त्या वास्तूचं संग्रहालय झालंय आणि ती शांतता बघायला तिकीट लागतं.

रसिक म्हणतील, ठीक आहे, पण या मंडळींना चित्रातलं कळतं काय? इथे 1910 चं गाढव साक्षीला काढावं लागतं. ‘लापँ आजिल’ या गुत्त्याच्या मालकाचं लोलो नावाचं गाढव होतं. लेखक रोलां दॉर्जलेसनं मित्रांसह त्याच्या शेपटीला ब्रश बांधला, समोर कॅनव्हास धरला, आणि ‘एड्रियाटिकवरचा सूर्यास्त’ असं भारदस्त नाव देऊन ते चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात रीतसर लावलं. गाढवाला कलावंत म्हणून नावही दिलं होतं, बोरोनाली. समीक्षकांनी दखल घेतली ती जाणकारीनंच. उलट, आज प्लास द्यु तेर्त्रच्या चौकात, नगरपालिकेचा परवाना घेऊन ठरलेल्या जागेत बसलेला चित्रकार मुलीचं पोर्ट्रेट काढत असताना मागून जो आवाज येतो, ‘अहो, हे नाक आपल्या चिऊचं नाहीच मुळी, हे तुमच्या आत्याचं’, ती समीक्षा रोकड्या पैशाशी बांधलेली असते. तिला शेपटीनं फसवून दाखवावं.

खाण्याबद्दलची कुरकुर तर विचारात घेण्याजोगीही नाही. टेकडी उतरून पूर्वेला ला शापेलला गेलं की श्रीलंकेच्या तमिळांची दुकानं लागतात. तिथे कढीपत्ता, नारळ, डाळी सगळं मिळतं. फ्रेंच कांद्याचं सूप चाखल्यावर ‘फोडणी राहिली वाटतं’ म्हणणाऱ्या आजीची सोय पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

एक आक्षेप मात्र मला झटकता येत नाही. आपण चार दिवसांसाठी जी खोली घेतो, ती कुणाच्या तरी कायमच्या बिऱ्हाडातून निघालेली असते. अशानं भाडी चढतात, आणि उद्याच्या एखाद्या फाटक्या पिकासोला टेकडी परवडत नाही. पॅरिस पालिकेनं स्वतःचं राहतं घर पर्यटकांना देण्याची मर्यादा वर्षाला 120 दिवसांवरून 2025 पासून 90 वर आणली ती याचसाठी. यावर ‘आम्ही एकटे न आल्यानं काय फरक पडणार?’ हे उत्तर आपण गणपतीतल्या लाउडस्पीकरबद्दलही देतो, म्हणून ते बाद. तेव्हा सज्जन कुटुंबानं रीतसर हॉटेलात उतरावं. कुकरचा प्रश्न उरतो, पण हॉटेलच्या किटलीत उपमा फुलवणारी माणसं आपल्यात कमी नाहीत. आणि गॅस तर पिकासोकडेही नव्हता.