उभ्याने प्रवास: अळणावर ते पाळोळे

पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर सरळ उभे राहून एका लांब वल्ह्याने पुढे जाण्याला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात. काठावरून पाहणाऱ्याला हे हातांचे काम वाटते. प्रत्यक्षात हात मिरवतात. राबतात ते पाय आणि कंबर. हा खेळ हवाई बेटांतल्या वायकिकी किनाऱ्यावर विसाव्या शतकात रुजला. तिथले सर्फिंग शिकवणारे होडीचे वल्हे घेऊन फळीवर उभे राहत, म्हणजे शिकाऊ मंडळी कुठे बुडताहेत ते दिसे. अळणावरच्या माणसाला त्यासाठी हवाई गाठायला नको. हुबळी-वास्को मार्गावरच्या या जंक्शनवर जनरल डब्यात शिरले की मडगावपर्यंत निम्मे शिक्षण तिकिटाच्या पैशांतच उरकते. अट एवढीच की बसायला जागा मिळता कामा नये. ही अट रेल्वे सहसा पाळते.

पहिला धडा नुसते उभे राहण्याचा. उभ्या माणसाच्या शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. म्हणजे माणूस उभा नसतोच. तो सारखा पुढे पडत असतो आणि पोटरीच्या आतल्या थरातला सोलियस नावाचा स्नायू त्याला सारखा मागे ओढत असतो. या स्नायूत संथ आकुंचन पावणारे तंतू जास्त असतात, त्यामुळे त्याला झटका जमत नाही, पण दम दांडगा असतो. लोंढा स्टेशनपर्यंत तो हूं की चूं करत नाही. गाडी अचानक पुढे हिसकली की तोंड इंजिनाकडे असलेला प्रवासी मागे कलतो. तेव्हा नडगीच्या पुढच्या अंगाचा टिबियालिस अँटिरियर त्याला पुन्हा पावलांवर आणतो. डबा डावी-उजवीकडे डुलला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू जागे होतात.

हिसका लहान असेल तर घोट्यावर भागते. मोठा असेल तर कंबर वाकते आणि धड उलट दिशेला जाऊन तोल सावरते. त्याहून मोठा असेल तर पाऊल उचलून दुसरीकडे टाकावे लागते. डब्यात हे पाऊल कोणाच्या तरी पिशवीवर, पिशवीत धारवाडी पेढे असतील तर नेमके त्या पुड्यावर पडते आणि ‘स्वल्प अडजस्ट माडी’ म्हणून प्रकरण मिटते. फळीवर तिसऱ्या उपायाला जागाच नसते. तिथे टाकलेले पाऊल समुद्रात पडते.

कॅसलरॉक सोडले की ब्रगांझा घाट लागतो. उतार 37 फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या मानाने चांगलाच तीव्र. ब्रेक लावत उतरणाऱ्या गाडीत अनुभवी प्रवासी गुडघे जरा सैल सोडतो. गुडघा वाकला की मांडीच्या पुढच्या स्नायूंवर भार येतो आणि खालून येणारा धक्का तिथेच जिरतो. ताठ गुडघ्याने तोच धक्का थेट टाळूपर्यंत पोचतो. पुढे 310 मीटर उंचीचा दूधसागर धबधबा दिसतो आणि सगळा डबा एका बाजूला लोटतो. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने मोबाइल, पावले जागच्या जागी आणि धड वळलेले: या आसनात पोटाचे तिरके स्नायू आणि मणक्यालगतचा मल्टिफिडस काम करतात. वल्हे मारताना नेमके हेच लागतात. फोटोत मात्र पुढच्या प्रवाशाचे डोके येते.

मडगावहून काणकोण आणि तिथून पाळोळे. हा उपसागर चंद्रकोरीच्या आकाराचा आणि एरवी शांत, म्हणून नवख्यांना बरा. फळी साधारण दहा-अकरा फूट लांब आणि अडीच फुटांहून थोडी रुंद असते. आधी गुडघ्यांवर बसायचे, मग मधल्या पकडीच्या दोन्ही बाजूंना खांद्याएवढ्या अंतरावर पावले ठेवून उठायचे. नजर क्षितिजावर हवी, कारण तोल डोळे, कानातली संतुलनेंद्रिये आणि स्नायूंतले ताणमापक तंतू मिळून सांभाळतात. नवखा पायांकडे बघतो, आणि मग पायांकडेच जातो.

त्यानंतर सुरू होते ती थरथर. घाबरलेला मेंदू पोटरी आणि नडगी दोघांनाही एकदम आवळायचा हुकूम देतो. सामाईक बांधावरच्या भाऊबंदांप्रमाणे दोघे उलट दिशांना ओढतात; बांध जागचा हलत नाही, पण दोघेही दमतात. सांधा ताठ होतो आणि लाटेबरोबर हलायचे विसरतो. शिवाय पायाची बोटे फळीला धरू पाहतात. फळीला धरण्यासारखे काही नसल्यामुळे तळपायात गोळा येतो. दरम्यान नितंबाच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस कंबर एकीकडे झुकू देत नाही. त्याचे नाव कोणी घेत नाही, पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःच ओळख करून देतो.

वल्ह्याचे पाते दांड्याशी किंचित कोनात असते आणि तो कोन पुढच्या बाजूला ठेवायचा असतो. पाणी ओढायला उलटा बाक बरा, असे मानून नवखे ते हटकून उलटे धरतात. वरचा हात मुठीवर, खालचा दांड्यावर, दोन्ही जवळजवळ सरळ. पाते पुढे पाण्यात रोवायचे आणि धड वळवून फळी पात्यापर्यंत आणायची. वरचा हात ढकलतो, खालच्या बाजूला पाठीचा रुंद लॅटिसिमस डॉर्साय ओढतो आणि पोटाचे तिरके स्नायू ती ताकद पायांपर्यंत पोचवतात. पाते पावलांपाशी आले की बाहेर काढायचे. नुसते कोपर वाकवून ओढणाऱ्याचे सगळे ओझे दंडाच्या छोट्याशा बायसेप्सवर येते आणि तो लवकरच राजीनामा देतो.

पाण्यात पडल्यावर फळीवर पुन्हा चढताना छाती, खांदे आणि दंडाचा मागचा ट्रायसेप्स कामाला लागतात. हातांना स्वतंत्र काम मिळते ते इथेच, आणि नवख्याच्या बाबतीत भरपूर मिळते.

दुखणे एक ते तीन दिवसांत कळसाला पोचते. त्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फुटते, पण व्यायामातले लॅक्टेट तासा-दोन तासांत ओसरते. सवय नसलेल्या कामाने, विशेषतः ताणले जात असताना जोर लावल्याने, तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुरुस्ती चालू असताना ते दुखतात. म्हणून परतल्यावर स्टेशनचा पूल चढण्यापेक्षा उतरणे कठीण जाते.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला थरथर कमी होते, ती स्नायू वाढल्यामुळे नव्हे. कोणता स्नायू कधी सैल सोडायचा हे मज्जासंस्था शिकते म्हणून. स्नायू जाड व्हायला काही आठवड्यांचा नियमित सराव लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि हा खेळ बंद पडतो. तेवढ्या चार महिन्यांत स्नायू पुन्हा बारीक होतात.