पाहणीकर आणि त्यांचा भाडेकरू

खरं आडनाव काही का असेना, आमच्या सोसायटीत त्यांना पाहणीकरच म्हणतात. अशी माणसं ठाण्यात आहेत, डोंबिवलीत आहेत, पार्ल्यात तर मजल्यागणिक आहेत. वय साठीच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे. प्रॉव्हिडंट फंड नुकताच हातात पडलेला, एफडीच्या व्याजावरून मन उडालेलं, आणि शेअर बाजाराचं नाव काढायला घरात बंदी. मग उरतो एकच मार्ग : एखादा वन बीएचके घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा. समुद्राकडे मिळाला तर दुधात साखर.

सध्या यच्चयावत पाहणीकरांचा ओढा नवी मुंबईतल्या उलव्याकडे आहे. कारणं भक्कम आहेत. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. २०१८पासून खारकोपरला येऊन थांबलेली लोकल त्याच दिवशी उरणपर्यंत गेली. २०२५च्या नाताळात शेजारच्या विमानतळावरून विमानंही उडू लागली. उलव्यातले एजंट हा विमानतळ त्याची पायाभरणी व्हायच्या आधीपासून विकत होते. आता तो खरोखरच सुरू झाल्यामुळे त्यांची जरा पंचाईत झाली आहे. ‘येणार’ला जो भाव मिळतो तो ‘आला’ला मिळत नाही.

पाहणीकर मात्र एजंटाच्या बोलण्याला भुलणारे नव्हेत. डिसेंबरच्या सुखद संध्याकाळी फ्लॅट बघायला जाणं त्यांना बालिश वाटतं. ते जुलैत जातात, तेही अमावास्येची भरती आणि मुसळधार पाऊस एका दिवशी गाठून. मुळात ही खाडीकाठची सखल जमीन, भराव घालून उंच केलेली. त्यात विमानतळासाठी इथली टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. नदी जुनी वाट विसरली आहे की नाही, हे पाहणीकरांना स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बघायचं असतं. एजंट बिचारा छत्री धरून मागे उभा. “सर, इथे पाणी भरत नाही.” “मग तुम्ही चप्पल हातात का धरलीत?” असा संवाद मी या कानांनी ऐकला आहे.

सॅम्पल फ्लॅट तर ते बघतच नाहीत. “तो नवरदेवासारखा नटवलेला असतो,” म्हणतात आणि शेजारच्या आठ-दहा वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये शिरतात. खारा वारा लोखंडाचं काय करतो ते तिथे दिसतं. जिन्याच्या ग्रिलवर बोट फिरवून लागलेली तांबूस पूड रुमालावर उतरवतात, एसीच्या बाहेरच्या युनिटचे खिळखिळे झालेले स्टँड मोजतात, गच्चीच्या कठड्यातून डोकावणाऱ्या सळया बघून समाधानाने मान हलवतात. दोष सापडला की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते प्रमोशनच्या दिवशीही आलं नसेल.

एजंट खिडकी उघडून ‘सी व्ह्यू’ दाखवतो. समोर कांदळवन आणि त्याच्यापलीकडे चिखलाची एक रेघ. दुसरा कोणी हिरमुसला असता. पाहणीकर खूश होतात. “कांदळवनात आणि त्याच्या भोवतालच्या पन्नास मीटरांत बांधकामाला बंदी आहे. म्हणजे हा उजेड कायमचा आपला.” लगेच दुसरा प्रश्न, “डास किती आहेत?”

रात्री साडेआठला बिल्डिंगसमोर उभं राहून ते उजेड असलेल्या खिडक्या मोजतात. अंधाऱ्या खिडक्या म्हणजे गुंतवणूकदारांचे रिकामे फ्लॅट. निम्मी बिल्डिंग अंधारात असेल तर भाडेकरू एक आणि मालक दहा, अशी अवस्था. मग मालकच एकमेकांची भाडी पाडतात. पाहणीकरांना गुंतवणूकदार या जमातीचा मनस्वी तिटकारा आहे. “असले लोक येतात म्हणून वस्ती वसत नाही,” असं ते स्वतःचं गुंतवणुकीचं पाकीट सांभाळत म्हणतात.

वॉचमनला टँकर महिन्यातून किती येतात ते विचारायचं आणि इस्त्रीवाल्याला बाकी सगळं. कपड्यांत विमानतळाचे युनिफॉर्म येतात का? शाळेचे येतात का? दर अकरा महिन्यांनी गिऱ्हाईक बदलतं का? कुठल्याही ब्रोशरमध्ये न सापडणारी माहिती त्या टेबलाशी दोन मिनिटांत मिळते. शिवाय प्लॉट साडेबारा टक्के योजनेतला आहे का, सिडकोसह त्रिपक्षीय करार झाला आहे का, ओसी आहे का, हे कागद ते भेंडीचं टोक मोडून बघावं तसे एकेक करून तपासतात. मला विचाराल तर यात नाव ठेवायला जागा नाही. भाड्यासाठी घर घेणाऱ्याने हेच करायला हवं.

हिशेबही त्यांचा पाठ असतो. समजा फ्लॅट ८० लाखांचा आणि भाडं २० हजार. वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे ३ टक्के. एजंट इथे थांबतो. पाहणीकर इथून सुरू होतात. एक महिना फ्लॅट रिकामा : २० हजार गेले. मेंटेनन्स दरमहा ४ हजार, तो बहुधा मालकाच्याच माथी. रंग, गंज, नळ, टॅक्स मिळून आणखी १२ हजार. राहिले १ लाख ६० हजार, म्हणजे बरोबर २ टक्के. स्टँप ड्युटी आणि, ओसी नसेल तर, जीएसटी यांचा अजून उल्लेखही नाही. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस निराळे. “मग उरलं काय?” पाहणीकर काकू विचारतात. “किंमत वाढेल ना!” “मग भाडेकरू कशाला हवा?”

काकूंच्या या प्रश्नाला उत्तर नाही असं नव्हे. उत्तर असं आहे की भाडेकरू आधीच ठरलेला आहे.

हा भाडेकरू जगात कुठेही नाही. तो पाहणीकरांच्या डोक्यात राहतो, तेही बिनभाड्याने. सुरुवातीला तो न्हावा-शेवा बंदरात कंटेनरची कागदपत्रं बघणारा बॅचलर होता. पण पाहणीकरांना बॅचलर नकोत, म्हणून त्यांनी त्याचं लग्न लावून दिलं. बायको फोर्टातल्या बँकेत. मग तिच्या प्रवासाची काळजी सुरू झाली : उलव्याच्या बामणडोंगरी स्टेशनात लोकल चुकली की पुढची लवकर नाही, आणि मिळाली तरी नेरुळ किंवा बेलापूरला गाडी बदला. सेतूवरून स्वतःच्या मोटारीने जावं तर एका खेपेला २५० रुपयांचा टोल. “दोघांच्या पगारात झेपायचं नाही हो,” पाहणीकर मला कळवळून म्हणाले. या दोघांसाठी त्यांनी भाडं मनातल्या मनात २० हजारांवरून १८ हजारांवर आणलं. पुढे मूल झालं. शाळा दोन सेक्टर लांब होती, तर आणखी हजार कमी केले. दरवर्षी भाडं वाढवण्याचं कलम करारातून कधी गेलं, ते त्यांनाही आठवत नाही. त्यांचा टॉवरशी, बिल्डरशी, एजंटशी सगळ्यांशी झगडा चालतो, फक्त भाडेकरूशी चालत नाही. मालक होण्याआधीच ते भाडेकरूंच्या संघटनेत जमा झाले होते.

विमानतळ सुरू झाला तशी त्यांनी त्याला कार्गोत नोकरी मिळवून दिली.

परवा एक फ्लॅट मात्र सगळ्या परीक्षांतून पार पडला. ओसी आहे, गंज बेताचा, उजेडाच्या खिडक्या भरपूर, पावसात घोटेही भिजले नाहीत. एजंटाने दुकानातला पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा मागवला आणि पावती पुस्तक उघडलं.

“काका, टोकन किती लिहू?”

डोक्यावरून एक विमान गेलं. टेबलावरची काच थरथरली. पाहणीकरांनी वर बघितलं, घड्याळात बघितलं, आणि पेन खिशात परत ठेवलं.

“भाडेकरूला विचारून सांगतो.”

एजंटाला आनंद झाला. “भाडेकरू तयार आहे? मग प्रश्नच मिटला! नंबर द्या, मीच बोलतो.”

“आत्ता नको,” पाहणीकर आवाज खाली आणून म्हणाले, “नाइट शिफ्ट करून झोपलाय.”