अंधाराची जय्यत तयारी

वीज गेली की मराठी माणूस आधी मेणबत्ती शोधत नाही. गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगमधलेही दिवे गेलेत का ते पाहतो. गेले असतील तर निम्मं संकट तिथेच टळतं. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि ‘आमच्याकडे लाइट जात नाही’ हा महानगराचा जुना तोरा लिफ्टमध्ये अडकला. त्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर कित्येक आठवडे अंधारात काढलेल्या रायगड-रत्नागिरीतल्या गावांना त्या बातमीने फार गलबलून आलं असेल, असं वाटत नाही.

घराघरांत तयारी असते बरं का! टॉर्च असतो; त्याचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात. मेणबत्ती असते, वाढदिवसाची, आकड्याची. इन्व्हर्टरवर तर वायफायसुद्धा चालतं. फक्त बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बसवणाऱ्याने घातलं होतं, तेवढंच. आणि पिंप भरून ठेवायची आठवण होते ती पंप बंद पडल्यावर.

तेव्हा आज वीज आहे तोवर बॅटरीचे फ्लोट बघा. खाली गेले असतील तर पाणी घाला. नळाचं नको.