वाघ कुठं बसतो?

डिसेंबर लागला की सातारा-सांगलीच्या गाड्या चांदोलीकडे वळतात. अंगात काश्मीरला पुरेल असं जर्किन, डिकीत भडंग आणि कंदी पेढे. मणदूरला पोचताच पहिला प्रश्न ठरलेला : "वाघ कुठं बसतो?" २००४ साली इथं राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० साली कोयनेसह व्याघ्र प्रकल्प झाला, वाघाच्या भेटीच्या वेळा पाटीवर लावायचं तेवढं वनखात्याला सुचलेलं नाही.

सड्यावर गवत वाळून सोनेरी झालेलं. त्यात पांढरे पायमोजे घातल्यागत गवा उभा. "म्हैसच की!" म्हणत काचा वर. गाइड बिबट्याची विष्ठा काडीनं उकलून आतले भेकराचे केस दाखवतो, तर मंडळी नाक दाबून मोबाइलची रेंज शोधतात.

पुढं पडकी जोती, परसातलं आंब्याचं झाड. "वा, काय शांतता!" असणारच. धरण आणि जंगलापायी गावंच्या गावं उठवली. माणसं लांबच्या वसाहतींत जमिनीच्या कागदांसाठी खेटे घालत राहिली. पण ते गाइडला कोण विचारतो?

परतताना एकानं वनरक्षकाला गाठलंच : "वाघ नाही दिसला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात ना?"