अघोषित कॅलरी

आमच्या सोसायटीतले ऑडिटरसाहेब सध्या अस्वस्थ आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबातली भोकं शोधली, आणि आता स्वतःचाच ताळेबंद जुळेना झालाय. ८६ किलोवरून ७८वर ते भराभर उतरले. सोसायटीने गणेशोत्सवात शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्या सत्कारापासून काटा ७८वर जो बसलाय, तो उठायचं नाव घेत नाही. "खातो रोज १४०० कॅलरी, चालतो तासभर. आता निसर्गानेच नियम बदलले असतील तर माझा नाइलाज आहे," असं त्यांचं लेखी म्हणणं आहे. लेखी म्हणजे खरोखर लेखी. त्यांनी वही घातली आहे.

असं म्हणणारे ते पहिले नव्हेत. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशीच मंडळी गाठली होती. १२०० कॅलरींच्या आत खातो, तरी वजन हलत नाही, असा त्यांचा दावा. शरीरात खर्च झालेली ऊर्जा लघवीच्या तपासणीतून मोजता यावी म्हणून त्यांना खास समस्थानिकांचं पाणी पाजलं. चयापचय ठणठणीत निघाला. खाणं मात्र सरासरी ४७ टक्के कमी सांगितलेलं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. आयकर खात्याच्या भाषेत सांगायचं तर उत्पन्न दडवलं आणि वजावट फुगवली. यात लबाडी होती असंही नाही. माणसाला आपण खाल्लेलं खरंच आठवत नाही. दुसऱ्याने खाल्लेलं तेवढं वर्षानुवर्षं आठवतं.

आपल्याकडे तर अघोषित खाण्याला कौटुंबिक अधिष्ठान आहे. नातवाने ताटात टाकलेली अर्धी पोळी ही आजोबांच्या खात्यावर पडत नाही, कारण ते अन्नाचा मान राखणं झालं. प्रसादात कॅलरी असूच शकत नाहीत. चहा बिनसाखरेचा घेतला की त्या त्यागाची भरपाई म्हणून दोन बिस्किटं देय होतात. एकादशीला साहेबांच्या वहीत सरळ 'निरंक' लिहिलेलं असतं. आता कोरडा साबुदाणा १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी देतो, शेंगदाणे तेवढ्याच वजनाला पाचशेच्या वर जातात आणि तूप तर बोलायलाच नको. पण उपवास तो उपवास. राहता राहिली फोडणी. पाच ग्रॅम तेलाचा चमचा ४५ कॅलरींचा, असं तक्ते सांगतात. तक्ते करणाऱ्यांनी मराठी स्वयंपाकघर पाहिलेलं नसावं. इथे बुधलीतून धार पडते, आणि धारेला माप नसतं.

मात्र सगळा दोष साहेबांच्या माथी मारणं बरं नाही. शरीरही कमी बेरकी नसतं. शरीराला रोज किती कॅलरी लागतात याचा अंदाज बांधणारं १९९०चं मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र आहे, कॅलरी मोजणारी अनेक ॲप तेच वापरतात. साहेबांची उंची १६८ सेंटिमीटर, वय ६२. वजन ८६ असताना बैठ्या दिनक्रमाला दिवसाकाठी सुमारे १९२६ कॅलरी लागत होत्या, ७८ला लागतात १८३०. (तासभराचं चालणं मी धरलेलं नाही, त्यातला बराचसा वेळ कट्ट्यावर सरकार पाडण्यात जातो.) थोडक्यात, आठ किलो उतरवल्याचं बक्षीस काय, तर रोजची एक तूप लावलेली पोळी कायमची बंद! शिवाय आवक घटली की शरीर आणखी काटकसर करतं. अमेरिकेतल्या 'बिगेस्ट लूजर' या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा विश्रांतीतला त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाला. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तोवर बहुतेकांचं बरंचसं वजन परतही आलं होतं.

त्यात हे सूत्र बेतलंय अमेरिकी अंगावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. ॲपला उंची आणि वजन कळतं, आत काय साठवलंय ते कळत नाही. म्हणून सूत्राचा आकडा हे नुसतं अंदाजपत्रक समजावं. रोज त्याच वेळी वजन करावं, तीन-चार आठवड्यांची सरासरी पाहावी आणि मग आकडा शे-दीडशेने सरकवावा. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "इतकं सोपं असतं तर लोकांनी केलं नसतं का?"

लोक काय करतात, तर सरसकट १२००चा आकडा धरतात. १९४४-४५मध्ये मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला, त्यात अर्धपोटी ठेवायचं म्हणून दिवसाला सुमारे १५७० कॅलरी दिल्या होत्या. त्या तरुणांना खाण्याशिवाय काही सुचेनासं झालं, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आमच्या बी विंगमधले १२००वाले रात्री उशिरापर्यंत पनीरच्या रील्स पाहतात, त्याला ते 'स्क्रीन टाइम' म्हणतात.

सोसायटीत मतभेदही आहेतच. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवणारे दीक्षित-पंथी. बिनधास्त तूप-भात खा म्हणणारे दिवेकर-पंथी. आणि दोन्हीकडची फक्त सवलत उचलणारा, म्हणजे ५५ मिनिटं तूप-भात खाणारा बहुमतातला तिसरा पंथ.

परवा सुनेने डिजिटल काटा आणला आणि साहेबांनी स्वयंपाकघरात ठाण मांडलं. १८३०मधून १४०० वजा जाता ४३० कॅलरींची तफावत होती, ती शोधायची होती. कणीक मोजली, भाकरी मोजली, कुटाची बरणी आधी आणि नंतर मोजली. बुधलीकडे हात जाताच वहिनी म्हणाल्या, "फोडणी मोजायची असेल तर उद्यापासून तुम्हीच द्या. आणि रात्री साडेदहाला लाडवांच्या डब्याचं झाकण वाजतं, तेही लिहा की वहीत."

साहेबांनी पेन उघडलं, थोडा विचार केला आणि त्या बाबीसमोर शेरा मारला, 'आक्षेप प्रलंबित. खुलासा मागवला आहे.'